वकीलसाहेबांचा नळ आणि बाबांची निवडणूक

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, सासू, सासरे आणि नवरा एवढीच माणसं सांभाळायची आहेत. कसलं काय! चौथा माणूस होताच. तो वारून कितीतरी वर्षं झाली होती, पण जेवणाच्या टेबलाशी रोज हजर. हे म्हणजे माझ्या सासऱ्यांचे आजोबा. घरात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. इंग्रजांच्या काळात आधी नगरपालिकेत, मग मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आणि तिथून थेट दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेलेला, सासरच्या गावातला पहिला माणूस. आणि आजवरचा शेवटचाही.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते आणि सासूबाईंना आई. दोघं आता आमच्याकडे सिंगापूरलाच असतात, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये. मी सकाळी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून रॅफल्स प्लेसला बँकेत जाते आणि संध्याकाळी दमून घरी येते, की बाबा वाटच बघत असतात. मला पाणी देतात, पंखा वाढवतात आणि म्हणतात, "काल आपण कुठवर आलो होतो?"

आपण! मी कुठेच आलेली नसायची.

बाबांची इच्छा एकच. वकीलसाहेबांची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुणी मध्ये न उठता, एकदा तरी चारचौघांत सांगायची. गावाकडे हे जमलंच नाही. तिथे दरवर्षी वकीलसाहेबांच्या पुण्यतिथीला सभा होते, मोठमोठे पुढारी येतात आणि तासभर स्वतःबद्दल बोलतात. बाबांना फक्त शाल आणि नारळ घ्यायला वर बोलावतात. घरात तर विचारूच नका. बाबांनी "वकीलसाहेबांच्या आई एकदा स्टेशनावर..." असं म्हटलं रे म्हटलं, की माझ्या नवऱ्याला नेमका ऑफिसचा कॉल येतो. लेकीची बस सुटत असते. मी एकदा नेटानं ऐकत दिल्लीपर्यंत गेले होते, तेवढ्यात वॉशिंग मशीन वाजलं आणि मी मेली उठले. बाबांचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं.

तर आमच्या ब्लॉकच्या आसपास राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांचा एक कट्टा आहे. मुलांकडे राहायला आलेली ही मंडळी शनिवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसतात, गुडघ्यांबद्दल बोलतात आणि सुनांबद्दलही बोलत असणार. कट्ट्याचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांचा मुलगा वन-नॉर्थच्या संशोधन केंद्रात काम करतो. भला माणूस, पण सगळं रीतीप्रमाणे हवं. त्यांनी एके शनिवारी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात कम्युनिटी क्लबची खोली घेऊन आपण बाबांचं व्याख्यान ठेवू. तास पूर्ण त्यांचा. बाबा घरी आले ते तरंगतच. आल्या आल्या त्यांनी दाढी केली. सकाळी एकदा केलेली होती तरी!

"फक्त वकीलसाहेबांचा एक फोटो द्या," प्रमुख जाता जाता म्हणाले होते. "प्रतिमापूजन करूनच सुरुवात करू. समई, हार, सगळं मी बघतो."

बाबांनी हे सांगितलं तेव्हा आई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली. "व्याख्यान द्या," त्या म्हणाल्या, "पण हार घालू देणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत तर नाहीच नाही."

आता इथे तुम्हाला त्या फोटोबद्दल सांगायला हवं. घराबाहेर ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, मलासुद्धा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळली. वकीलसाहेबांचा एकही धड फोटो नाही. दिल्लीत सगळ्या सभासदांचा म्हणून एक काढला होता म्हणे, पण नेमक्या त्या क्षणी ते शेजारच्याशी वाद घालायला वळले, त्यामुळे त्यात त्यांचा एक कान आणि पगडी तेवढी आली आहे. पुढे, ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, नगरपालिकेला आपल्या सभागृहात त्यांचं तैलचित्र लावायचं ठरलं. फोटो द्या, म्हणून माणसं घरी खेपा घालायला लागली. कानावरून चित्र कसं काढणार? बाबांचे वडील जरा घायकुतीला येणारे होते. त्यांनी काय करावं? बाबा तेव्हा पंचविशीचे, तोंडवळा सगळा आजोबांचा. त्यांच्या डोक्यावर पगडी चढवली, अंगात वकीलसाहेबांचा काळा कोट घातला, नाटक कंपनीकडून आणलेल्या मिश्या चिकटवल्या आणि स्टुडिओत नेऊन बसवलं. तो फोटो पाहून चित्रकारानं चित्र काढलं. बाबांच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे, तोही त्यानं इमानदारीत रंगवला.

झालं! तेव्हापासून गावात दरवर्षी बाबांनाच हार घातला जातो. बाबा खाली खुर्चीत बसलेले आणि वर भिंतीवर बाबाच, गळ्यात झेंडूचा हार, समोर उदबत्ती. आई नवी नवरी म्हणून त्या सभेला पहिल्यांदा गेल्या आणि त्यांनी हे पाहिलं. जिवंत माणसाच्या फोटोला हार! तेव्हापासून पुण्यतिथीच्या संध्याकाळी त्या बाबांची दृष्ट काढतात, मीठ-मोहऱ्या ओवाळून. गेल्या वर्षी बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी कारण काहीही सांगितलेलं असो, आईंच्या मते ते सगळं त्या हारामुळे.

"अगं, इतकी वर्षं हार पडतोय, मी मेलो का?" बाबा म्हणाले.

"ते मी दृष्ट काढते म्हणून!"

बाबांनी हात टेकले.

मग मधला मार्ग म्हणून माझी लेक पुढे सरसावली. तिनं लॅपटॉप उघडला आणि कॉम्प्युटरकडून वकीलसाहेबांचा नवाच चेहरा तयार करून घेतला. पगडी होती, कोटही होता. पण छाती पैलवानाची, रंग गोरापान आणि मागून सूर्य उगवतोय. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हा माणूस गावच्या स्टेशनावर नळ आणणार?" ते म्हणाले. "हा फार तर साबणाची जाहिरात करेल. खोटा माणूस नको मला."

"आणि तुमचा कुठे खरा आहे?" आईंनी विचारलं.

"आजी सो फिअर्स, लाह!" लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली आणि हसून लोळायला लागली. बाबा मात्र हसले नाहीत. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हा हळूच म्हणाले, "सूनबाई, मला भीती एकच आहे. फोटो खोटा आहे हे कळलं, तर लोक म्हणतील, बाकीचंही खोटंच असणार. इतक्या वर्षांत म्हणून तर कुणाला बोललो नाही."

मला फार वाईट वाटलं. मी लगेच प्रमुखांना फोन लावला आणि सांगून टाकलं, की फोटो उपलब्ध नाही, नुसती समई लावून सुरुवात करू. ते "बरं, बरं" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. पण रीतीच्या माणसाचं "बरं, बरं" म्हणजे काय असतं, हे मला कळायला हवं होतं.

व्याख्यानाच्या दिवशी खोली भरली होती. कट्ट्याची सगळी मंडळी, त्यांची मुलं-सुना, विद्यापीठातले दोन-चार विद्यार्थी. हे विद्यार्थी बटाटेवड्यांचा वास घेत आले असावेत, पण आले होते. बाबांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. आई पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. समोर टेबलावर काहीतरी उभं केलेलं होतं आणि त्यावर निळं कापड टाकलेलं होतं. मी म्हटलं, असेल बाई काहीतरी.

प्रमुख माईकवर आले. "कुटुंबीय संकोचानं म्हणाले, की फोटो नाही," ते मिश्कील हसत म्हणाले. "पण आमची मंडळी काही कमी नाहीत. गावच्या नगरपालिकेच्या वेबसाइटवरून आम्ही शोधून काढलाच!" आणि त्यांनी कापड ओढलं.

मोठ्या आकारात, चकचकीत फ्रेममध्ये, पगडी-मिशीसकट बाबा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिटिल इंडियातून आणलेला जाडजूड हार प्रमुखांच्या हातात होता. मी आईंचा हात धरायला गेले तर जागेवर आई कुठे होत्या? त्या उभ्या राहिल्या होत्या.

"थांबा!" त्या ओरडल्या. "हार घालू नका! ते जिवंत आहेत!"

प्रमुखांना काही समजेना. "कोण जिवंत आहेत, वहिनी?"

"हे!" आईंनी बाबांकडे बोट केलं. "तो फोटो ह्यांचा आहे! मिश्या चिकटवल्यात!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळी खोलीच. प्रमुख हार हातात घेऊन एकदा फ्रेमकडे आणि एकदा बाबांकडे बघत राहिले. मी बाबांकडे पाहिलं आणि मला हसू फुटेना. ते पांढरेफटक पडले होते. ज्या गोष्टीला ते जन्मभर भ्यायले ती सगळ्यांसमोर उघडी पडली होती, आणि तीही त्यांनी तोंड उघडण्याआधीच. मला वाटलं, आता हे उठून घरी जाणार आणि पुन्हा कधी वकीलसाहेबांचं नाव काढणार नाहीत.

बाबा उठले खरे. माईकपाशी गेले. "हो," ते म्हणाले. "तो मीच आहे. फोटो खोटा आहे. आता नळ खरा की खोटा, ते तुम्ही ऐकून ठरवा." आणि त्यांनी सुरुवात केली.

इतकी वर्षं जी गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी चुकवत आले, ती त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण ऐकली. वकीलसाहेबांच्या आई लेकीच्या बाळंतपणाहून परत येत होत्या. भर उन्हाळा. स्टेशनावर उतरल्या आणि तहानेनं चक्कर येऊन पडल्या. थर्ड क्लासच्या उतारूंना प्यायच्या पाण्याची सोय नव्हती, पाणी होतं ते फर्स्ट क्लासच्या खोलीत. शुद्धीवर आल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "एवढा वकील झालास, तिथे एक नळ आण." बस्स, एवढंच! वकीलसाहेबांची सगळी राजकीय कारकीर्द म्हणजे हा नळ.

त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला. उत्तर आलं, स्टेशन गावाच्या हद्दीबाहेर आहे. अर्जानं होत नाही म्हटल्यावर ते स्वतःच नगरपालिकेत निवडून गेले. आत जाऊन कळलं, की हद्द खरंच बाहेर आहे. मग ते मुंबईच्या कायदेमंडळासाठी उभे राहिले. बैलगाडीनं गावोगाव फिरले. मत द्यायचा हक्क शेतसारा भरणाऱ्यांनाच, त्यामुळे एकेका मतदारासाठी कोस कोस जायचं आणि गेल्यावर तो शेतावर गेलेला असायचा! निवडून आले. मुंबईत प्रश्न विचारला. मंत्री म्हणाले, रेल्वेचा विषय प्रांताकडे येत नाही, दिल्लीला विचारा. "मग दिल्ली," असं वकीलसाहेब घरी येऊन म्हणाले, जणू दिल्ली म्हणजे पलीकडची आळी.

दिल्लीच्या निवडणुकीत पहिल्यांदा पडले. सपशेल पडले. घरी येऊन जेवले, झोपले आणि पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले. दुसऱ्या खेपेला निवडून आले. दिल्लीत जाऊन त्यांनी मोठमोठी भाषणं केली असतील असं गावाला वाटतं, कारण पुढारी दरवर्षी तसंच सांगतात. बाबा म्हणाले, "आमच्या घरात आलेली हकीकत अशी, की दिल्लीत त्यांनी एकच ध्यास धरला. आमच्या स्टेशनावर नळ कधी? पुन्हा पुन्हा तेच. लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे." शेवटी रेल्वेच्या बाजूनं उत्तर मिळालं, की नळ बसवायला आमची हरकत नाही, पण नळाला पाणी कुठून आणणार? पाण्याचा विषय स्थानिक नगरपालिकेचा.

खोलीत हशा पिकला. बाबांच्या तोंडावर रंग परत आला होता. एकही माणूस उठला नव्हता. विद्यार्थी तर वडे विसरून ऐकत होते.

वकीलसाहेबांनी दिल्ली सोडली. लोकांनी वेड्यात काढलं. एवढी मानाची जागा, सिमल्याची हवा, आणि हा गृहस्थ पुन्हा गावच्या नगरपालिकेला उभा! आधी मुंबईतल्या जुन्या ओळखी वापरून त्यांनी गावाची हद्द स्टेशनापर्यंत वाढवून घेतली. मग नगरपालिकेत एकदा पडले, एकदा आले, आणि तळ्यापासून स्टेशनापर्यंत पाइप घातला. पाणी आलं त्या दिवशी वकीलसाहेबांनी आपल्या आईला गाडीत घालून नेलं. म्हातारी आता फार थकली होती. ती ओंजळभर पाणी प्यायली, सगळे कौतुकानं तिच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि ती म्हणाली, "कोमट आहे."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमुख तर टेबलाला धरून हसत होते. "नळ खरा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. प्रमुखांच्या हातात हार तसाच होता. त्यांनी आईंकडे पाहून विचारलं, "आता ह्यांच्याच गळ्यात घातला तर चालेल ना?" आईंनी मान हलवली. बाबांच्या गळ्यात, खऱ्याखुऱ्या गळ्यात, हार पडला.

मग प्रश्न विचारायची वेळ. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "आजोबा, घरात एवढा वारसा, मग तुम्ही कधी निवडणुकीला उभे नाही राहिलात?"

मी मनात म्हटलं, हे आता "आपल्याला ते जमत नाही" असं म्हणणार. घरात हा विषय निघाला की ते तेच म्हणायचे, आणि आई वर "ह्यांच्यात धमकच नाही" अशी पुस्ती जोडायच्या. सगळे हसायचे, तेही हसायचे.

पण त्या दिवशी बाबांनी माईक पुन्हा जवळ ओढला. "उभा राहणार होतो," ते म्हणाले. "नगरपालिकेला. अर्ज भरला होता. हौस होती मला, फार होती. कार्यकर्त्यांनी पोस्टरचा नमुना छापून आणला. एका बाजूला वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला त्यांचा नातू. बघतो तर काय, डावीकडे मी, उजवीकडे मी! तोच तीळ, तेच डोळे. पोरानंही ओळखलं असतं. माझ्या वडिलांची शोभा झाली असती, आणि वकीलसाहेबांच्या नावाला बट्टा. मी अर्ज मागे घेतला. पुढेही तेच. त्या भिंतीवर मी होतो, तोवर मला कुठल्या भिंतीवर जाता येत नव्हतं."

हे त्यांनी हसत हसतच सांगितलं. लोकही हसले. मी आईंकडे पाहिलं तर त्या समोर बघत होत्या, आणि हाताचा रुमाल पिळून पिळून त्यांनी त्याची दोरी केली होती. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "मला तरी सांगायचं होतंत." बाबा म्हणाले, "तू नवीन होतीस गं. आणि मग राहूनच गेलं." आईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

त्यानंतर काही आठवड्यांनी कट्ट्याच्या प्रमुखांचं लेकीकडे मेलबर्नला जायचं ठरलं, म्हणजे नवा प्रमुख निवडणं आलं. आमच्याकडे ही निवड कशी होते ते काय सांगायचं! चार जण आधी कोपी पिता पिता नाव ठरवतात, आणखी कुणाला इच्छा असली तर त्याला बाजूला घेऊन समजावतात, आणि मग "एकमतानं" टाळ्या. वाद नको, वाईटपणा नको. त्या शनिवारी मी आई-बाबांना सोडायला गेले होते म्हणून थांबले. प्रमुखांनी बाबांचं नाव सुचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बिनविरोध!" प्रमुख म्हणाले. "अभिनंदन!"

बाबांचा चेहरा पडला. "मतदान नाही घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुमच्याविरुद्ध कोण उभं राहणार? तुमच्याबद्दल सगळ्यांना आदर आहे."

"तसं नव्हे... पण एखादा तरी..." बाबांनी सगळ्यांकडे आशेनं पाहिलं. सगळे प्रेमानं हसले. कुणीही हललं नाही. त्या आदराचा मला असा राग आला म्हणून सांगू! एका माणसाला जन्मात एकदा निवडणूक लढवायची आहे आणि ही मंडळी त्याला मान देऊन देऊन खाली बसवतायत. मीच उठणार होते, पण मी पडले पन्नाशीच्या अलीकडची, कट्ट्याला चालले नसते.

"मी उभी राहते," आई म्हणाल्या.

"कशाला, वहिनी?" प्रमुख गडबडले. "घरातल्या घरात..."

"घरातल्या घरात काय? मी काय करू शकत नाही? गेल्या वेळचा चहा पांचट होता. कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत. मी उभी आहे, आणि ह्यांना पाडणार आहे." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ह्यांना इतकी वर्षं त्या फोटोनं उभं राहू दिलं नाही. मीही टोमणे मारले. आता समोर कुणी नाही म्हणून तुम्ही बसवताय. घ्या मतदान."

बाबा आईंकडे बघतच राहिले. मग ते प्रमुखांकडे वळले आणि अगदी ताठ होऊन म्हणाले, "मला प्रचाराला आठवडा पाहिजे."

काय सांगू त्या आठवड्याबद्दल! माझ्या घराचं निवडणूक कार्यालय झालं. आईंनी बायकांना फोन करून करून कट्ट्याच्या चहात आलं घालायचं आश्वासन दिलं. बाबा लिफ्टपाशी, बसस्टॉपवर, भाजीच्या दुकानात मतदार गाठायचे. एका आजोबांना तर त्यांनी पहाटेच्या फेरीत गाठून अख्खा पार्क फिरवला. नाश्त्याला दोन्ही उमेदवार समोरासमोर. माझा नवरा आधी तटस्थ होता, मग आईंनी थालीपीठ केलं. "लाच!" बाबा गरजले, आणि स्वतः दोन खाल्ली. लेक म्हणाली, "धिस इज बेटर दॅन टीव्ही, लाह."

आजी-आजोबांना आणून सोडणाऱ्यांनाही एकेक मत द्यायचं ठरलं होतं, म्हणजे मलाही. आदल्या संध्याकाळी मी ओट्याशी भाजी फोडणीला टाकत होते. मागे वळले तर दारात बाबा. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. बटण तुटलं तरी स्वतः लावत. ते दोन्ही हात जोडून उभे होते, मान किंचित खाली. "सूनबाई," ते म्हणाले, "उद्या मतदान आहे. आपल्या मताची विनंती करायला आलो आहे." मी हातातला झारा ठेवून नमस्कार केला. मला एकदम भरून आलं. फोडणी करपली ती करपलीच.

मतदान झालं चिठ्ठ्यांवर, माझ्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात. प्रमुखांनी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली. सुरुवातीला बाबा पुढे होते. मग सगळ्या बायकांच्या चिठ्ठ्या एकदम निघाल्या असाव्यात, कारण आईंचं नाव थांबेचना. शेवटी प्रमुखांनी चष्मा काढला आणि जरा ओशाळून जाहीर केलं, की आई निवडून आल्या.

आईंनी घाबरून बाबांकडे पाहिलं. त्यांना पाडायचं असं त्यांच्या मनात नव्हतंच मुळी. बाबा उठले. "पडलो!" ते म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, सगळं हॉकर सेंटर वळून बघेल इतक्या मोठ्यानं, "पडलो! रीतसर पडलो!" ते हसत होते आणि डोळे वाहत होते. त्यांनी विजयी उमेदवाराशी हस्तांदोलन केलं. आमच्या घरात नवऱ्या-बायकोनं चारचौघांत एकमेकांचा हात हातात घेतलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

घरी येऊन बाबांनी चपला काढायच्या आधी गावाकडच्या जुन्या मित्राला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडून बोलावं लागतं. "अरे, ऐक!" बाबा ओरडले. "मी निवडणुकीला उभा होतो! हो, हो, मी! स्वतः! प्रचार केला, मतदान झालं, सगळं झालं!" बराच वेळ ते हेच सांगत होते. निकाल काय लागला, ते त्यानं विचारल्यावर सांगितलं.